राहत्या पत्त्याचा पुरावा

१२ फेब्रुवारी, सकाळी ६.१०
आजपासून रोज नोंद. पुढे कंपनीचा इतिहास लिहायची वेळ आली की शोधाशोध नको.

सद्यस्थिती: अ‍ॅप सुरू होऊन सात महिने. शॉर्टहँडची डिक्टेशनं. आवाज बाबांचा, बाकी सगळं माझं. बाकी म्हणजे तीन बटणं. पण बटणं तीनच ठेवायला डोकं लागतं. बाबांनी चौतीस वर्षं शॉर्टहँड-टायपिंगचा वर्ग चालवला. मिनिटाला साठ, ऐंशी आणि शंभर शब्द अशा वेगांचे उतारे त्यांनी गेल्या वर्षी वाचून दिले. स्टेनोच्या परीक्षेला बसणारी मुलं पैसे भरून ते ऐकतात आणि खाली 'सर, नमस्कार' असं लिहितात. सर म्हणजे बाबा. माझ्याबद्दल कुणी लिहीत नाही, पण पडद्यामागच्या माणसाचं असंच असतं.

अडचण एकच. पैसे अ‍ॅप विकणाऱ्या परदेशी स्टोअरमध्ये अडकलेत. स्टोअर ठरावीक देशांतल्या लोकांनाच पैसे पाठवतं आणि त्या यादीत आपला देश नाही. उपाय: यादीतल्या एखाद्या देशात कंपनी काढायची. तिथे राहावं लागत नाही. घरबसल्या, ऑनलाइन, तीन दिवसांत. व्हिडिओ पाहिलाय. मी डायरेक्टर.

१ मार्चला गोदामातल्या नोकरीचा राजीनामा. मसुदा तयार आहे.

१३ फेब्रुवारी
बाबांना सांगितलं, परदेशात कंपनी काढतोय. म्हणाले, बरं. मग एकशे वीस कधी करायचं?

एकशे वीसचे उतारे राहिलेत. वरच्या परीक्षेला तोच वेग लागतो. बाबांनी चाळीस उतारे निवडून वहीत उतरवून ठेवलेत, दर तीस शब्दांवर पेन्सिलीची तिरकी रेघ. एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंत पंधरा सेकंदांत पोचायचं, ना एक कमी ना एक जास्त.

मी समजावलं. आधी कंपनी. मग पैसे येतील, त्यातून चांगला माइक, भिंतींना फोम, आणि मग एकशे वीस. मोबाइलवरचं रेकॉर्डिंग कंपनीला शोभत नाही. बाबा म्हणाले, आधीचे तिन्ही मोबाइलवरच केले होते की. म्हणाले, शंभरला आताच दम लागतो, एकशे वीस लवकर उरकलेलं बरं.

बाबांना धंदा कळत नाही. आयुष्यभर फक्त शिकवलं.

१५ फेब्रुवारी
कंपनी काढून देणारी एजन्सी सापडली. चॅटवर एक बाई असते. पहिल्याच मेसेजात 'डिअर डायरेक्टर'. स्क्रीनशॉट काढून हिला दाखवला. ही म्हणाली, डायरेक्टरसाहेब, बेसिन तुंबलंय.

१८ फेब्रुवारी
कंपनीचं नाव ठरलं: ग्लोबल डिक्टेशन होल्डिंग्ज. बाबांना विचारलं तर म्हणाले, साधं काहीतरी ठेव, लोकांना टेलिफोनवर सांगता आलं पाहिजे. दुर्लक्ष केलं. रबरी शिक्का आणि दोनशे व्हिजिटिंग कार्डं सांगून आलो. शिक्का गोल. गोल शिक्क्याला वजन असतं.

२२ फेब्रुवारी
नाव नामंजूर. म्हणे त्या देशात 'ग्लोबल' आणि 'होल्डिंग्ज'वाल्या कंपन्या पैशाला पासरी आहेत. शिवाय तिथे शिक्का लागतच नाही. ही म्हणाली, आधी कळस मग पाया. कार्डांच्या मागच्या बाजूला ती आता वाणसामानाची यादी लिहिते.

२६ फेब्रुवारी
दुसरं नाव मंजूर! साधंच आहे. टेलिफोनवर सांगता येतं. माझीच कल्पना.

पासपोर्ट अपलोड, मंजूर. फोटो, मंजूर. राहिला फक्त राहत्या पत्त्याचा पुरावा: माझ्या नावावरचं, तीन महिन्यांच्या आतलं एखादं बिल किंवा बँकेचं पत्र. हत्ती गेला, शेपूट राहिलं.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी
घरातली सगळी बिलं काढली. विजेचं बाबांच्या नावावर. गॅस आईच्या, आईला जाऊन नऊ वर्षं झाली. पाणी आजोबांच्या, ते मी चौथीत असताना गेले. इंटरनेट हिच्या, कारण भरते ही. माझा मोबाइल प्रीपेड.

म्हणजे या घरात गेलेली माणसं नियमित पाणी आणि गॅस वापरतात, आणि मी सेहेचाळीसपैकी चव्वेचाळीस वर्षं इथेच झोपलो त्याचा एक कागद नाही.

हसू आलं. मग तितकंसं आलं नाही.

१ मार्च
राजीनामा पुढच्या महिन्यात. घाईत निर्णय घेऊ नयेत.

४ मार्च
वीज ऑफिसला जाऊन आलो. तीन नंबरच्या खिडकीत जाड भिंगांचा कारकून. त्याने विचारलं, मीटर कोणाच्या नावावर? वडिलांच्या. आहेत? आहेत. मग प्रश्नच काय, म्हणाला, या फॉर्मवर त्यांची सही आणा, आठ दिवसांत तुमचं नाव. वडील नसते तर मृत्यूचा दाखला वगैरे कटकट असते. तुमचं बरं आहे, घरात बसल्या बसल्या पाच मिनिटांचं काम.

फॉर्म आणलाय. दप्तरात आहे.

५ मार्च
बाबांकडे सही मागायची नाही. कारण: या वयात माणसाच्या नावावरचं मीटर काढून घ्यायचं म्हणजे त्यांना काय वाटेल. भावनेचा प्रश्न आहे.

दुसरं काही कारण नाही. बारा वर्षांपूर्वी मी हप्त्यांवर वॉशिंग मशीन आणून त्याची नळी बसवत होतो तेव्हा ते म्हणाले होते, या घरात तुझ्या नावावर आहे तरी काय, म्हणून तू भिंतीला भोकं पाडतोयस? ते मी केव्हाच विसरलोय. नऊ जून होता, दुपारी.

९ मार्च
बँकेत गेलो. बँकेत माझा पत्ता लग्नानंतर दोन वर्षं भाड्याने राहिलो त्या खोलीचा. बदलायचा तर पत्त्याचा पुरावा आणा. मी म्हणालो, पुराव्यासाठीच तर आलोय. काउंटरवरची बाई म्हणाली, हो ना. आणि पुढच्याला बोलावलं.

१४ मार्च
वकिलाकडून प्रतिज्ञापत्र. मी माझ्या घरी राहतो, असं शपथेवर. साक्षीदार म्हणून हिने सही केली. वकिलाला म्हणाली, राहतात, पण दिसत नाहीत.

१६ मार्च
प्रतिज्ञापत्र नामंजूर. चॅटवाली बाई: डिअर डायरेक्टर, बिल ऑर बँक लेटर ओन्ली.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं.

२० मार्च
हिने बाबांना सगळं सांगितलं! मी गोदामातून आलो तर वीज ऑफिसचा फॉर्म टेबलावर, बाबांची सही केलेला. माझ्या दप्तरातून काढला. बाबांची सही अजून तशीच, शॉर्टहँडच्या वळणाची, एका झटक्यात. शेजारी तारीखही घातलेली. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, घे, आता तरी तुझ्या नावावर काहीतरी होऊ दे.

फॉर्म घडी घालून टेबलाच्या खालच्या खणात ठेवला. काही वेळा माणसाने स्वतःच्या हिमतीवर उभं राहायचं असतं. बँकेचं पत्र मिळवणारच.

बाबांनी हेही सुचवलं की कंपनी त्यांच्याच नावावर काढ, कागद सगळे आहेत. एकोणऐंशी वर्षांचा डायरेक्टर! नको म्हणालो. हसले. हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

२ एप्रिल
अ‍ॅपवर एका मुलीने लिहिलंय: सर, १२० कधी? माझी परीक्षा ऑगस्टमध्ये आहे, तुमच्या आवाजाचीच सवय झालीये. चार फुलं काढलीत.

बाबांना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले, गळ्यापर्यंत बटणं लावून. वर्गात जायचे तसे. वही आणि स्टॉपवॉच घेऊन समोर बसले. मी म्हणालो, बाबा, माइक येऊ दे. अर्धा तास बसले. मग शर्ट काढून हँगरला लावला.

मुलीला उत्तर दिलं: लवकरच. टीम कामाला लागली आहे.

११ एप्रिल
बाबांना डॉक्टरकडे नेलं. फुप्फुसं आखडत चाललीत म्हणे. डॉक्टर हळू बोलतात, त्यामुळे सगळं जास्त गंभीर वाटतं. घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, दिवसातले सोळा तास. तसं काळजीचं नाही. मशीनमुळे उलट बरं वाटेल.

बँकेने पत्र द्यायला नकार दिला. मॅनेजर रजेवर. तो आला की बोलतो.

१९ एप्रिल
मशीन आलं. बाबांच्या खोलीत कोपऱ्यात. सतत घरघरतं आणि दर काही सेकंदांनी फुस्स करतं. भिंतीपलीकडेही ऐकू येतं. फोम लागणारच, हे माझं आधीपासूनचं म्हणणं आता सगळ्यांना पटेल.

बाबा मशीनचं फुस्स मोजत होते. म्हणाले, मिनिटाला अठरा. फार हळू आहे, हे नापास.

१ मे
राजीनाम्याचा मसुदा सुधारला. भाषा जास्त सौम्य केली.

८ मे
खूप कटकटीचा दिवस. लिहून टाकतो म्हणजे डोक्यातून जाईल.

गोदामातून लवकर आलो. बाबा शर्ट घालून बसलेले, वही पुढ्यात, आणि खोलीत शांतता. मशीन बंद! स्वतः उठून बंद केलं होतं. म्हणाले, आवाज येतो म्हणतोस ना, आता नाही येत. लाव तुझा मोबाइल, पटकन.

लावला. दुसरं काय करणार. बाबांनी नेहमीचं म्हटलं: पेन तयार ठेवा, शब्द सुटला तर शोधत बसू नका, पुढचा पकडा. मग सुरू. पहिली रेघ पंधरा सेकंद. दुसरी पंधरा. तिसरी पंधरा. वय एकोणऐंशी, आणि काटा हलत नव्हता. मी स्टॉपवॉच बघत होतो, त्यांच्याकडे नाही. सव्वा मिनिटाने पाचवी रेघ ओलांडली आणि आवाज तुटला. हात वर करून थांबा अशी खूण केली. ओठ निळसर दिसले.

तेवढ्यात ही क्लिनिकमधली ड्यूटी संपवून आली. एवढं ओरडताना मी तिला आजवर ऐकलं नाही. मशीन लावलं, नळी लावली, पाठ चोळली. मला म्हणाली, तुम्हाला दिसत नाही का? मी म्हणालो, त्यांनीच बंद केलं. ती म्हणाली, कोणासाठी?

बाबा नळीतून म्हणाले, झालं का नीट?

रात्री जेवणाआधी ऐकलं. शेवटी खोकला, मागे हिचा दरवाजा, बाहेर कुणाची तरी स्कूटर. अर्धवट उतारा, तोही असा. क्वालिटी नाही. डिलीट केलं. कंपनीच्या नावाने असलं काही बाहेर जाता कामा नये.

९ मे
बाबांना सांगितलं, परत करू, नीट. म्हणाले, बरं.

२७ मे
मॅनेजर रजेवरून आला. दुसरीकडे बदली झाली.

४ जून
ही म्हणाली, सही केलेला फॉर्म खणात पडलाय, नेऊन द्या ना, कसला अभिमान धरून बसलात. मी म्हणालो, अभिमानाचा प्रश्न नाही, प्रक्रियेचा आहे. ती खण बंद करून आत गेली.

ठीक आहे. सोमवारी देतो.

८ जून, सोमवार
गोदामात माल आला. उद्या.

९ जून
आज नकोच.

१७ जून
बाबांना हॉस्पिटलात ठेवलंय. दोन-तीन दिवस, निरीक्षणासाठी. खिडकीशेजारचा पलंग मिळाला. वही मागवली. नर्सबाईंना शॉर्टहँडमध्ये त्यांचं नाव लिहून दिलं, त्यांनी ते बॅजमागे ठेवलंय.

बोलताना आता तीन-चार शब्दांवर थांबावं लागतं. मला म्हणाले, कंपनी? मी म्हणालो, झाल्यातच जमा आहे. म्हणाले, शाब्बास.

असं ते मला शाळेत असतानाही म्हणाले नव्हते. बाहेर जाऊन जिन्यात उभा राहिलो थोडा वेळ.

२१ जून
माइक मागवला. पगारातून. कंपनीची वाट कशाला बघायची. फोमही मागवलाय. बाबा घरी आले की त्याच दिवशी पहिला उतारा. रोज एकच केला तरी चाळीस दिवसांत चाळीस. ऑगस्टची परीक्षा सापडते. तक्ता करून भिंतीला लावला.

२५ जून
माइक आला. भारी आहे. खोलीतला पंखा बंद असला तरी हवेचा आवाज पकडतो.

२८ जून
बाबा पहाटे गेले.

३ जुलै
काही लिहायचं नाही.

१९ जुलै
मशीनवाला येऊन मशीन घेऊन गेला. जमिनीवर चार चाकांचे ठसे.

२४ जुलै
वीज ऑफिसला गेलो. बाबांची सही असलेला फॉर्म खिडकीतून आत सरकवला. जाड भिंगवाल्याने ओळखलं. म्हणाला, किती महिन्यांनी आलात. वडील बरे आहेत ना?

मी हो म्हणालो. का म्हणालो कळलं नाही. मग सांगितलं.

त्याने चष्मा काढून पुसला. फॉर्म परत दिला. म्हणाला, हा आता चालणार नाही हो, आता दाखला लागेल. मार्चमध्ये आणला असता तर. चांगला माणूस आहे. फॉर्मची जुनी घडी त्यानेच पुन्हा नीट घालून दिली.

३० जुलै
मृत्यूचा दाखला मिळाला. त्यावर बाबांचा राहता पत्ता स्वच्छ छापलाय. ओळखपत्र, वारसाचं पत्र, सगळं जोडून वीज ऑफिसला दिलं. काहीही अडचण आली नाही. एकदाही परत पाठवलं नाही.

६ ऑगस्ट
८ मेचं रेकॉर्डिंग शोधलं. डिलीट केलेल्या गोष्टी मोबाइल तीस दिवस ठेवतो आणि मग पुसतो. मोबाइलच्या दुकानात नेला. दुकानदाराने तासभर प्रयत्न केला, पैसे घेतले नाहीत. हिच्या मोबाइलमध्ये पाहिलं. काही नाही. ही म्हणाली, काय शोधताय? सांगितलं. मी डिलीट केलं होतं हे तिला माहीत नव्हतं. ओरडेल असं वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सव्वा मिनिट होतं ते. दीडशे शब्द. काटा हलला नव्हता.

१४ ऑगस्ट, सकाळी ९.४०
बिल आलं. विजेचं. वर माझं नाव. स्पेलिंगसुद्धा बरोबर. पत्त्याखाली बारीक अक्षरांत: नावातील बदलाचे कारण, पूर्वीच्या ग्राहकाचे निधन.

स्कॅन करून अपलोड केलं. चार मिनिटांत मंजूर. चॅटवाल्या बाईने लिहिलं, काँग्रॅच्युलेशन्स, डिअर डायरेक्टर. तीन दिवसांत कंपनी. व्हिडिओत म्हटलं होतं अगदी तसंच.

ही आज क्लिनिकला गेली नाही. बिल हातात घेऊन बराच वेळ बघत बसली. मग जुन्या बिलांच्या तारेत नाही लावलं, वेगळं ठेवलं.

संध्याकाळी
बाबांच्या खोलीत फोम लावला. माइक लावला. मशीन नाही, खोकला नाही, पंखा बंद. असली शांतता पैसे देऊनही मिळाली नसती. बाबांच्या खुर्चीत बसलो, गळ्यापर्यंत बटणं लावून. वही उघडली. पहिला उतारा. पेन तयार ठेवा, म्हणालो. पुढचं वाक्य म्हणता आलं नाही, ते सोडून दिलं आणि सुरू केलं.

पहिली रेघ: एकवीस सेकंद. परत. वीस. घाई केली तर जीभ अडखळली. परत. तेवीस. गेले दोन तास हेच चाललंय. एवढ्या महागाच्या माइकमध्ये माझा आवाज अगदी स्पष्ट येतो.

अ‍ॅप उघडलं. त्या मुलीचा मेसेज सकाळपासून पडलाय. सर, परीक्षा एकवीस तारखेला आहे, १२० झालं का? याही वेळी चार फुलं.

चार वेळा लिहिलं, खोडलं. टीम, प्रक्रिया, तांत्रिक कारण. शेवटी एवढंच पाठवलं: १२० होणार नाही. सर गेले. चूक माझी. शंभरचंच ऐक, आणि शब्द सुटला तर शोधत बसू नकोस.